चाकांचं वॉकर घरात हवंच कशाला?

सोनचाफा : बाळ नऊ महिन्यांचं झालं. भेट आलेलं वॉकर माळ्यावरून काढा, असं सासूबाई म्हणतात. माझा ठाम विरोध आहे. मधे बसायची झोळी आणि खाली चाकं, असल्या वॉकरची विक्री कॅनडाने २००४ सालीच बंद केली. वापरलेलंही विकता येत नाही. त्यात बसलेलं मूल सेकंदाला मीटरभर पुढे जातं. आपण हातातला झारा ठेवून वळेपर्यंत ते जिन्याशी!

रानवारा : ताई, आमच्या एका खोलीत जिना कुठून येणार? सकाळी दोन डबे करायचे असतात, मदतीला कोणी नाही. मुलाला कडेवर घेऊन फोडणी देऊ का? वॉकरमध्ये निदान डोळ्यांसमोर राहतं. माझी दोन्ही मुलं त्यातच वाढली, धडधाकट आहेत.

सोनचाफा : कडेवर घेऊन फोडणी नकोच. पण त्याच खोलीत शेगडीही आहे ना? वॉकरमध्ये मुलाचा हात जास्त उंच पोचतो. इस्त्रीची लोंबती वायर, कडेला ठेवलेला चहा, सगळं हाताशी येतं. समोर उभे असलो तरी तेवढ्यात पोचता येत नाही.

माईआजी : आमच्या वेळी लाकडी पांगुळगाडा असायचा. मूल आधी आपल्या पायांवर उभं राहायचं, मग दांडी धरून गाडा ढकलायचं. तोल त्याचा त्यालाच सावरावा लागे. वॉकरमध्ये ते नुसतं लोंबकळतं आणि चवड्यांनी रेटतं. दोन्हींची गल्लत करू नका.

रानवारा : माई, फरशीवर गाडाही सटकतो, मूल तोंडावर आपटतं. मग जुनं ते चांगलं कसं? आणि वॉकरने लवकर चालतात, हे तर सगळेच सांगतात.

पालवी : मी बालविभागात परिचारिका आहे. लवकर चालत नाहीत; उलट वॉकर वापरणारी मुलं थोडी उशिरा चालल्याचं अभ्यासांत दिसलंय. नऊ ते अठरा महिन्यांत कधीही चाललं तरी काळजी नको. अठरानंतरही चालत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. गाडा सटकतो हे खरं, तिथे मोठं माणूस हवंच.

सोनचाफा : डब्याच्या वेळी बाळ बाबांनी घ्यावं, हे कोणी का सुचवत नाही?

रानवारा : बाबा पहाटेच्या लोकलने गेलेले असतात.

पालवी : मग पट्टा असलेली, पक्क्या पायांची उंच खुर्ची घ्या. ओट्यापासून लांब ठेवा, पट्टा रोज लावा, पुढ्यात वाटी-चमचा द्या. तेवढ्यात पोळ्या होतात.