पिकअपचा क्रोम काळा करावा की नको?

राऊकर : माझ्या पिकअपची पुढची जाळी, बंपरची पट्टी आणि चारही चाकं क्रोमची आहेत. मला ही चकाकी कधीच आवडली नाही. देवास नाक्यावरचा पेंटर टिंट स्प्रे मारून देतो म्हणतो. हा रंग पूर्ण काळा नसतो, खालचा क्रोम त्यातून झळकतो. दोन-तीन पातळ हात दिले की धुरकट आरशासारखं रूप येतं. माझं मत पक्कं आहे, करावं. नवीन काळी चाकं घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

पिथमपूर फेरी : करू नका भाऊ. क्रोम म्हणजे निकेलवर चढवलेला क्रोमियमचा अगदी पातळ थर, काचेसारखा गुळगुळीत. त्याला रंग धरायला जागाच नसते. मी नुसतं पुसून मारला होता. गाडी धुताना प्रेशरच्या फवाऱ्याने सालपटं निघाली आणि पट्टीला खरूज झाल्यासारखी दिसायला लागली.

राऊकर : तुम्ही घासलं नाही, म्हणून तसं झालं. आधी आठशे नंबरच्या पाणकागदाने घासायचं, तेलकटपणा काढायचा, मग स्प्रे, आणि वरून क्लिअर, म्हणजे पारदर्शक लॅकरचा हात.

पिथमपूर फेरी : इथेच तर गोम आहे! टिंट पारदर्शक, म्हणजे कागदाचे ओरखडे खालून दिसणार. घासलं नाही तर रंग टिकत नाही, घासलं तर आरसा जातो. शिवाय घासलेला क्रोम पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. उद्या गाडी विकताना काय कराल?

टायरवाल्यांची सून : दादा, पट्टीचं तुम्ही दोघं बघून घ्या, मी चाकांबद्दल बोलते. आमच्या दुकानात सासरे आधी नटांभोवती बघतात. नट सैल असला की तिथून गंजाचा तांबूस ओघळ उतरलेला दिसतो. उजळ रिमवर तो लांबून कळतो, काळ्यावर पटकन दिसत नाही. रिमला गेलेली बारीक चीरही तशीच लपते. दुसरं म्हणजे, नट जिथे बसतो त्या बैठकीवर रंग गेला तर तो थर पुढे दबतो आणि आवळलेला नट ढिला पडतो. मानपूरचा घाट उतरताना चाक डगमगलं तर रंग कोण बघणार? मारायचाच असेल तर बैठका झाकून मारा, आणि पन्नास-शंभर किलोमीटरवर नट पुन्हा आवळून घ्या.

राऊकर : ताई, बैठकीचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. पेंटरनेही नाही. तो तर मागचे दिवेसुद्धा त्याच डब्यातून काळे करू म्हणत होता.

टायरवाल्यांची सून : दिव्यांना हातही लावू देऊ नका. रात्री पावसात मागच्या गाडीला ब्रेकचा लाल दिवा उशिरा दिसला तर संपलंच.

पिथमपूर फेरी : दिव्यांबाबत ताईंशी शंभर टक्के सहमत. पट्टीसाठी सोलून काढता येणारा रबरी स्प्रे घ्या. तो घासायला लावत नाही, नको झाला की सालीसारखा निघतो आणि क्रोम जसाच्या तसा राहतो.

राऊकर : पण तो बहुतेक वेळा नुसता मॅट काळा दिसतो. मला धुरकट झळकच हवी आहे. चाकं सोडली, दिवे तर सोडलेच. जाळी मात्र टिंटच करणार, घासूनच. जुन्या बाजारातून एक जाळी आणतो आणि आधी तिच्यावर मारून बघतो.

पिथमपूर फेरी : हे बरं. तिला आधी एक पावसाळा काढू द्या.