एका कंपनीच्या सगळ्या जॅझ रेकॉर्ड एकाच घराण्याच्या कशा वाटतात?

शहापूरची पेटी:
नमस्कार मंडळी. मी बेळगावात शहापूरला पेटी वाजवतो. दोन महिने झाले, रात्री ब्लू नोट या अमेरिकन जॅझ कंपनीच्या जुन्या रेकॉर्ड ऐकायलोय. वादक बदलतात, तरी दोन मिनिटांत ओळखू येतं की हे त्यांचंच. आपल्याकडं घराणं गुरूमुळं होतं. कंपनीचं कशानं होतं?
विचारायचं कारण, गेल्या वर्षी एका अभंगाच्या अल्बमला वाजवलं. गायिका मंगळवारी गाऊन गेली, तबला गुरुवारी, आणि मी शनिवारी हेडफोन लावून एकटाच. सगळं सुरात आहे, पण समेवर कुणी कुणाकडं बघितलेलंच नाही. अजून सलतंय ते.

खानापूरकर:
दादा, तुमच्या सलण्यातच उत्तर आहे. १९३९ ला ब्लू नोट काढणारा आल्फ्रेड लायन वादकांना रेकॉर्डिंगआधीच्या तालमीचेही पैसे द्यायचा. तालमीला पैसे मिळाले की माणूस स्वतःची नवी, अवघड चाल घेऊन येतो, कारण ती बसवायला वेळ असतो.
आणि माणसं तीच, जागा बदलून. १९६२ च्या ‘हब-टोन्स’मध्ये फ्रेडी हबर्ड मुख्य आणि पियानोच्या साथीला हर्बी हॅनकॉक. १९६५ च्या ‘मेडन व्हॉयेज’मध्ये हॅनकॉक मुख्य आणि ट्रंपेटवर हबर्ड. विचार करा, तुमच्या पेटीच्या रेकॉर्डला गायिकेनं मागं बसून सूर धरलाय! दोघं एकमेकांचा श्वास ओळखणार नाहीत तर काय?

निपाणीचा माइकवाला:
खोली विसरू नका. त्यांचा रेकॉर्डिस्ट रूडी व्हॅन गेल्डर दिवसा डोळे तपासून चष्म्याचे नंबर द्यायचा आणि हॅकेनसॅकला आईवडिलांच्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करायचा. १९५९ ला उंच लाकडी छताचा स्वतःचा स्टुडिओ बांधला. झांज कानाशी वाजल्यासारखी येते ती त्याच्यामुळं.
आता म्युनिकच्या ईसीएम कंपनीचं ‘मेकिंग म्युझिक’ (१९८७) ऐका. झाकीरभाईंचा तबला, हरिप्रसादजींची बासरी, मॅक्लॉफलिनची गिटार आणि गारबारेकचा सॅक्सोफोन. तिथं सुरांमध्ये मोकळी हवा आहे, बासरी संपल्यावरची शांतताही ऐकू येते. तो ईसीएमचा निर्माता मानफ्रेड आयशर, त्याचा कान.

शहापूरची पेटी:
रविवारी तबलजी आणि गायिका दोघांनाही घरी बोलावलंय. आधी चार दिवस तालीम, चहा-पोह्यांसकट खर्च माझा. माजघरात शहाबादी फरशी आहे, फार घुमतं. सतरंजी पुरेल काय?

निपाणीचा माइकवाला:
सतरंजी घाला, आणि तबल्यामागच्या भिंतीला वाकळ टांगा. बाकीच्या भिंती मोकळ्या ठेवा, नाहीतर पेटी मेल्यासारखी वाजेल. पंखा बंद.