बँकॉकच्या वात फ्रा केओमध्ये आईला नेमकं काय दाखवू?

रेवा_डोंबिवली
पुढच्या महिन्यात आईला घेऊन बँकॉकला चाललेय. राजवाड्याच्या आवारातल्या वात फ्रा केओसाठी, म्हणजे पाचूच्या बुद्धाच्या देवळासाठी, एकच सकाळ हातात आहे. ऑफिसातले म्हणतात, "सगळं सोनेरी चकचकीत, फोटो काढा नि निघा." आईचं तेवढ्यावर भागणार नाही. पण गुडघे दुखतात, फार फिरवता येणार नाही. काय दाखवू, काय सोडू?

ड्रॉइंगमास्तर
रेवाताई, मी दोनदा जाऊन आलोय. पहिल्या खेपेला आधी मूर्तीकडे धावलो. मूर्ती जेमतेम ६६ सेंटिमीटर, आणि बसवलीय इतकी उंच की मी नुसता चष्मा पुसत राहिलो. छोटी दुर्बीण न्या. आत फोटो काढू देत नाहीत, चपला बाहेर, आणि मूर्तीकडे पाय करून बसायचं नाही. पाचू म्हणतात, पण दगड जेडच्या जातीचा. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तीन पोशाख आहेत मूर्तीला, ते बदलायचा मान राजाचा.

खरा ऐवज बाहेरच्या ओवरीत आहे. चारी बाजूंनी भिंतभर रामकियन, म्हणजे थाई रामायण, १७८ चित्रांत. सगळी बघायला जाऊ नका, मान मोडेल. वर सावली आहे, एखादी बाजू निवडून हळूहळू चाला. आईंना एक चित्र हमखास दाखवा: मारुती डोंगराएवढा झालाय आणि रामाचा अख्खा मुक्काम त्याने तोंडात धरलाय. आपल्याकडे अहिरावण-महिरावणाच्या गोष्टीत तो शेपटीचा कोट करतो ना, तीच गोष्ट. तिथल्या महिरावणाचं नाव मैयराप.

जवळ जाऊन बघा. राम हिरवा, लक्ष्मण सोनेरी, मारुती पांढरा. मुकुट-दागिन्यांवर सोन्याचा वर्ख. माणसं सपाट, नाचाच्या पवित्र्यात उभी, आणि मागची झाडं-ढग मात्र छायाप्रकाश देऊन रंगवलेले. भिंतीत ओल चढते, रंग सुटतात, म्हणून ही चित्रं अनेकदा नव्याने रंगवली गेली. पाश्चात्त्य वळण त्यातूनच शिरलं. मला विचाराल तर ते ढग नसते तर बरं झालं असतं. तीस वर्षं पोरांना शेडिंग शिकवलेला माणूस हे बोलतोय!

भटक्या_७
बौद्ध देवळात रामायण? टुरिस्टांसाठी नंतर रंगवलं असणार.

ड्रॉइंगमास्तर
नाही हो. १७८२ साली राजधानी बँकॉकला आणून ज्याने हे देऊळ उभारायला घेतलं, त्या राजाच्या, म्हणजे पहिल्या रामाच्या, काळातच ही चित्रं पहिल्यांदा काढली गेली. रामकियनची संहिताही त्यानेच सिद्ध करवून घेतली. त्या घराण्यातल्या राजांना आजही पहिला राम, दुसरा राम असंच मोजतात, आणि जुनी राजधानी अयुथ्या, म्हणजे आपली अयोध्याच. राजा हा विष्णूचा अंश अशी समजूत. म्हणून तर मुख्य देवळाच्या जोत्याभोवती ११२ सोनेरी गरुड आहेत, दोन्ही मुठींत नाग पकडून. हे राजाचं देऊळ, इथे भिक्खू राहतसुद्धा नाहीत.

रेवाताई, एक राहिलंच. वरच्या चौथऱ्यावर दोन सोनेरी चैत्य, म्हणजे स्तूप, आहेत, खाली राक्षस आणि वानर ते तोलून धरतात. तोंडं बघून फरक कळत नाही. पायांकडे बघायचं: राक्षसांच्या पायात जोडे, वानर अनवाणी. पायऱ्या आहेत, आईंना झेपत असेल तरच.

रेवा_डोंबिवली
मास्तर, खूप आभार. आईला वाचून दाखवलं. ती विचारतेय, तिकडचा मारुती आपल्यासारखाच ना?

ड्रॉइंगमास्तर
कसं सांगू आता! तिकडचा मारुती ब्रह्मचारी नाही. सेतूचे दगड पळवणारी रावणाची मुलगी, अर्धी मासोळी, तिला त्याने पटवली. मुलगाही झाला.

रेवा_डोंबिवली
आई म्हणते, ते चित्र आधी दाखव.