निष्क्रिय वायू की राजवायू?

प्रश्न : हेलिअम, निऑन, अरगॉन, क्रिप्टॉन, झेनॉन, रेडॉन यांना कुठे ‘निष्क्रिय वायू’ म्हणतात, कुठे ‘राजवायू’. क्वचित ‘उदासीन’ आणि ‘विरल’ही वाचले आहे. नेमका शब्द कोणता? आणि अष्टक (बाहेरच्या कवचातले आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण असते म्हणून ते अभिक्रिया करत नाहीत, एवढेच कारण पुरेसे आहे का?

उत्तर : दोन शब्द आधी बाजूला काढू. ‘उदासीन’ हा आम्लही नाही आणि आम्लारीही नाही अशा पदार्थासाठी रूढ आहे, तो इथे आणला की घोटाळा होतो. ‘विरल’ अरगॉनला लागूच पडत नाही. कोरड्या हवेत तो ०.९३ टक्के असतो, कार्बन डायऑक्साइडच्या वीसपटीहूनही जास्त.

आता कारण. ‘अष्टक पूर्ण’ हे वर्णन झाले. हेलिअमजवळ तर दोनच इलेक्ट्रॉन असतात आणि तरी तो इतका अलिप्त! खरी गोष्ट ऊर्जेची आहे. आवर्तात, म्हणजे आवर्तसारणीच्या आडव्या ओळीत, डावीकडून उजवीकडे जाताना केंद्रकावरचा धनप्रभार वाढत जातो, पण बाहेरचे इलेक्ट्रॉन त्याच कवचात राहतात. त्यामुळे आवर्ताच्या शेवटी ते सर्वांत घट्ट धरलेले असतात. सोडिअमचा एक इलेक्ट्रॉन काढायला ५.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट (ऊर्जेचे एकक) पुरतात, निऑनला २१.६ लागतात, हेलिअमला २४.६. बाहेरून इलेक्ट्रॉन घ्यावा, तर त्याला पुढच्या, दूरच्या कवचात जावे लागते आणि आतले इलेक्ट्रॉन केंद्रकाचे आकर्षण झाकून टाकतात. देणे महाग, घेणे निरर्थक. वाटून घ्यायला अर्धी रिकामी कक्षिकाही (इलेक्ट्रॉनची जागा) नाही.

प्रतिसाद : मग ‘निष्क्रिय’च बरोबर ठरत नाही का?

उत्तर : नाही, आणि इथेच मला ‘राजवायू’ मोलाचा वाटतो. गणात, म्हणजे आवर्तसारणीच्या उभ्या स्तंभात, खाली जावे तसे बाहेरचे कवच केंद्रकापासून दूर जाते आणि पकड सैल होते. झेनॉनची आयनन ऊर्जा (एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) १२.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, ऑक्सिजनच्या रेणूचीही जवळपास तेवढीच. रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट यांनी प्लॅटिनम हेक्झाफ्लुओराइड हे संयुग ऑक्सिजनच्या रेणूतूनही इलेक्ट्रॉन खेचते हे पाहिले होते. मग झेनॉनमधून का नाही, असा सरळ विचार त्यांनी केला. १९६२ मध्ये त्यांना झेनॉनचे पिवळट-नारिंगी घन संयुग मिळाले. त्याच वर्षी झेनॉन टेट्राफ्लुओराइड तयार झाले, पुढे क्रिप्टॉनचेही फ्लुओराइड मिळाले. किती सुंदर तर्क! पाठ्यपुस्तकातले ‘कधीच नाही’ त्याने कायमचे पुसले.

‘राजधातू’ शब्दात ही मोकळीक आधीपासून आहे. सोने साध्या आम्लांना दाद देत नाही, पण आम्लराजात (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात) विरघळते. राजवायूही तसेच समजावेत : सहसा संयोग न करणारे.

प्रतिसाद : म्हणजे ‘निष्क्रिय वायू’ लिहिणे सोडून द्यावे?

उत्तर : मुळीच नाही, फक्त जागा बदलावी. वेल्डिंग करताना तापलेल्या धातूला हवा लागू नये म्हणून अरगॉनचा झोत सोडतात, तिथे तो निष्क्रिय वायूच. अनेक कामांत नायट्रोजनही याच कारणासाठी वापरतात. तोही तिथे निष्क्रिय वायू, पण राजवायू नव्हे. ‘राजवायू’ हे अठराव्या गणाचे नाव, ‘निष्क्रिय’ ही त्या कामातली भूमिका.