ख्रिस्ताची मंडळी (चर्च) संकटाआधी उचलली जाणार की संकटातून जाणार? भावाशी रोज वाद होतो

मोहननगरची ताई
सर्वांना सलाम. आम्ही पिढ्यानपिढ्या सीएनआयचे, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे. धाकटा भाऊ काही वर्षांपासून दुसऱ्या एका फेलोशिपमध्ये जातो. तिथे गेल्यापासून त्याची दारू सुटली, त्याबद्दल मी प्रभूचे आभारच मानते. पण आता घरात एकच विषय, रॅप्चर, म्हणजे प्रभू येऊन विश्वासणाऱ्यांना वर उचलून घेईल ते. सप्टेंबर २०२५ मध्ये मोबाइलवर त्याची २३ तारीख फिरत होती, तेव्हा त्याने माझ्या सातवीतल्या मुलीला सांगितलं, "सकाळी उठलीस अन् मामा दिसला नाही, तर समजून जा." पोरगी कित्येक रात्री झोपेतून उठून अंधारात माझा हात चाचपायची. मला याचा फार त्रास झाला.

आम्ही विश्वासांगीकारात म्हणतोच नं, की तो जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करायला पुन्हा येईल? तरी भाऊ म्हणतो, तुम्ही लोक प्रभूच्या येण्यावर विश्वासच ठेवत नाही. बायबलमध्ये हे नक्की कुठे आहे आणि मंडळ्यांमध्ये यावर मतं वेगळी का, कोणी नीट सांगेल का?

सदरकर
ताई, सलाम. मी बरीच वर्षं संडे स्कूल घेतलं, आता निवृत्त आहे. तुमच्या मुलीचं वाचून जीव कळवळला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मूळ वचन १ थेस्सलनीकाकरांस ४:१३ ते १८. भाऊ १७वं वचन दाखवत असेल, जिवंत उरलेले मेघारूढ होऊन प्रभूला भेटायला अंतराळात घेतले जातील ते. त्याला म्हणा, १३व्यापासून वाच. थेस्सलनीकातल्या मंडळीत काही जण वारले होते आणि मागे राहिलेल्यांना घोर लागला होता, की प्रभू येईल तेव्हा आमच्या माणसांचं काय? पौलाने उत्तर दिलं, ख्रिस्तामध्ये मेलेले पहिल्याने उठतील, मग आपण, आणि सगळे मिळून सदैव प्रभूजवळ राहू. शेवटी सांगितलं, या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा. ज्यांच्या घरात मयत झाली त्यांच्यासाठी लिहिलेला हा परिच्छेद आहे. तो वापरून लेकराला भीती घालणं मला अजिबात मान्य नाही, मग घालणारा कुठल्याही मंडळीचा असो.

इथपर्यंत वाद नाही. प्रभू येणार, मेलेले उठणार, जिवंतांचं रूपांतर होणार (१ करिंथ १५:५१-५२) हे तुम्हीही मानता, भाऊही मानतो. वाद आहे तो वेळेचा. महासंकटाच्या, म्हणजे शेवटच्या काळी जगावर येणाऱ्या मोठ्या छळाच्या, आधी मंडळी गुपचूप उचलली जाईल आणि सात वर्षांनी प्रभू सर्वांना दिसेल असा येईल, ही दोन टप्प्यांची मांडणी १८३०च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी यांनी ठळकपणे पुढे आणली. ते आधी आयर्लंडमधल्या अँग्लिकन मंडळीचे पाळक होते, नंतर प्लिमथ ब्रेदरनचे पुढारी झाले. १९०९ साली स्कोफील्ड यांचं टिपांचं बायबल निघालं आणि त्या टिपांमधून ही शिकवण अमेरिकाभर गेली. (१९७० साली २९ नोव्हेंबरला इथेच, नागपुरात, सीएनआय स्थापन झाली, तेव्हा सामील झालेल्या सहा मंडळ्यांत एक ब्रेदरन होती. ती वेगळी, डार्बींची नव्हे.)

माझं स्वतःचं मत, मंडळी संकटातून जाईल. मत्तय २४:२९-३१ मध्ये प्रभू म्हणतो, त्या दिवसांतल्या संकटानंतर देवदूत निवडलेल्यांना एकत्र करतील. २ थेस्सल. २ मध्ये पौल बजावतो की आधी धर्मत्याग होईल, अनीतिमान पुरुष प्रकट होईल, मगच तो दिवस. आणि मत्तय २४:४० मध्ये शेतातल्या दोघांपैकी एक घेतला जातो, एक ठेवला जातो, त्याच्या आधीची वचनं नोहाच्या दिवसांची आहेत. तिथे जलप्रलयाने ज्यांना वाहून नेलं ते न्यायात सापडलेले होते, वाचलेले मागे उरले.

राहिला मेघांतल्या भेटीचा प्रश्न. गावाकडे वरात वेशीवर आली की मुलीकडची माणसं बाजा घेऊन सामोरी जातात आणि नवरदेवाला मांडवात घेऊन येतात. वेशीवरूनच त्याच्या गावाला निघून जात नाहीत. मत्तय २५ मधल्या दृष्टान्तात नवरदेवाला सामोऱ्या निघालेल्या दहा कुमारींचंही तसंच. आपण प्रभूला सामोरे जाऊ आणि त्याच्यासोबत परत येऊ, असं मी वाचतो.

नारी रोड
सदरकर काका, प्रेज द लॉर्ड. मी ताईंच्या भावासारखाच, संकटाआधी उचललं जाणं मानतो. लेकराला भीती घालणं चूकच, त्यात दुमत नाही. पण आमची शिकवण फक्त डार्बींवर आणि स्कोफील्डच्या टिपांवर उभी नाही. १ थेस्सल. ५:९ सांगतं की देवाने आपल्याला क्रोधासाठी नेमलेलं नाही. प्रकटीकरण ३:१० मध्ये फिलदेल्फियाच्या मंडळीला प्रभू म्हणतो, जगावर येणाऱ्या परीक्षेच्या घटकेपासून मी तुला राखीन. चौथ्या अध्यायापासून संकटं सुरू होईपर्यंत नि पुढेही पृथ्वीवरच्या मंडळीचा उल्लेख दिसत नाही. दानीएल ९ मधलं सत्तरावं सप्तक, म्हणजे संकटाची ती शेवटची सात वर्षं, इस्राएलसाठी आहे, मंडळीसाठी नाही, असं आम्ही समजतो. आणि तुमच्या वरातीला उत्तर योहान १४:३ मध्ये आहे. माझ्या पित्याच्या घरात जागा तयार करतो, मग येऊन तुम्हाला माझ्याजवळ घेईन, असं प्रभू म्हणतो. तिथे नवरदेव नवरीला आपल्या घरी नेतो.

शिकवण उशिरा मांडली गेली म्हणून ती खोटी ठरत नाही. विश्वासाने नीतिमान ठरणं किती शतकं झाकलं गेलं होतं!

सदरकर
भाऊ, योहान १४ चा मुद्दा वजनदार आहे, तो मी टाळत नाही. पण 'राखणं' म्हणजे 'उचलून नेणं' असं मला दिसत नाही. योहान १७:१५ मध्ये प्रभूच प्रार्थना करतो, यांना जगातून काढून घे अशी माझी विनंती नाही, वाइटापासून राख. आणि प्रकटीकरण १३:७ मध्ये श्वापद, म्हणजे शेवटच्या काळचा ख्रिस्तविरोधी, ज्यांच्याशी लढतं ते पवित्र जन कोण? तुम्ही म्हणाल, संकटकाळात विश्वास ठेवलेले. मी म्हणतो, मंडळीच.

सेमिनरी हिल्स
मी कॅथलिक आहे, थोडक्यात सांगतो. आमच्या धर्मशिक्षणग्रंथाच्या ६७५व्या परिच्छेदात स्पष्ट आहे, की ख्रिस्ताच्या येण्याआधी ख्रिस्तसभेला (तुम्ही मंडळी म्हणता तिला) एका शेवटल्या परीक्षेतून जावं लागेल. गुपचूप उचललं जाणं आम्ही शिकवत नाही. प्रकटीकरण २० मधलं ख्रिस्ताचं हजार वर्षांचं राज्यही संत ऑगस्टीनच्या वळणाने, म्हणजे आत्ता चाललेला ख्रिस्तसभेचा काळ, असं समजतो.

मोहननगरची ताई
सर्वांचे आभार. काल १३व्या वचनापासून वाचून दाखवलं, भावाने शांतपणे ऐकलं. आमचे बाबा गेल्या वर्षी गेले, त्यामुळे "मेलेले पहिल्याने उठतील" वाचताना दोघांचाही आवाज बसला. पण तारखेचं काय? तो म्हणतो, दिवस नाही तरी ऋतू ओळखता येतो.

नारी रोड
ताई, तारखेच्या बाबतीत मी काकांच्या बाजूने आहे. मत्तय २४:३६, तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही, फक्त पित्याला. अमेरिकेतले उपदेशक विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ धरला, तिथलेच रेडिओवरचे उपदेशक हॅरल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ सांगितला, लोकांनी नोकऱ्या सोडल्या, साठवलेला पैसा घातला. दोन्ही तारखा गेल्या. जागृत राहा म्हणजे तारीख शोधा असं नाही. भावाला माझा निरोप द्या, त्याच्याच बाजूचा माणूस सांगतो आहे म्हणा. आणि भाचीला मामानेच स्वतः समजवावं, तुम्ही नको. तिच्या मनात भीती त्याच्या तोंडून गेली आहे.

मोहननगरची ताई
हे पटलं. रविवारी उपासनेनंतर तो जेवायला येतोय, तेव्हा सांगते.