स्कॉटलंडच्या फर्स्ट मिनिस्टरना दर गुरुवारी प्रश्न विचारून नक्की मिळतं काय?

ग्लासगोकर:
एडिनबराच्या संसदेत अधिवेशन चालू असलं की गुरुवारी दुपारी १२ ला फर्स्ट मिनिस्टरना, म्हणजे स्कॉटलंडच्या सरकारप्रमुखांना, प्रश्न विचारतात, पाऊण तास, सगळं लाइव्ह. माझं स्पष्ट मत, यातून धोरणाबद्दल काहीही हाती लागत नाही. हॉस्पिटलच्या वेटिंग लिस्टचं विचारलं की उत्तर येतं लंडनच्या केंद्र सरकारने पैसे कापले आणि इंग्लंडात याहून वाईट आहे, संपला विषय. फेरीबोटींचंच बघा. २०१५ ला पोर्ट ग्लासगोच्या जहाजबांधणी यार्डाला दोन बोटींचं ९ कोटी ७० लाख पौंडांचं कंत्राट दिलं, २०१७ ला त्यातली अ‍ॅरन बेटासाठीची ग्लेन सॅनॉक्स पाण्यात सोडली तेव्हा तिच्या खिडक्या नुसत्या रंगवलेल्या होत्या, आणि प्रवासी घेऊन निघाली ती जानेवारी २०२५ मध्ये! मधली सगळी वर्षं सभागृहात आरडाओरडा झाला, पण काम फसलं तर पूर्ण पैसे परत करण्याची हमी यार्ड देत नसताना मंत्र्यांनी होकार का दिला याचे पुरेसे कागदच नाहीत, हे कळलं २०२२ च्या ऑडिट रिपोर्टमुळे.

सडेतोड:
अजिबात पटलं नाही. ऑडिट रिपोर्ट किती लोक वाचतात? तो लोकांपर्यंत गेला कारण विरोधी नेत्यांनी तो हातात घेऊन फर्स्ट मिनिस्टरना तोंडावर विचारलं. अ‍ॅरन बेटावरच्या माणसाची बोट रद्द झाली की त्याची मेनलँडवरची डॉक्टरची अपॉइंटमेंट बुडते, त्याचा आमदार उभा राहून बेटावरच्या ब्रॉडिक बंदराचं नाव घेतो तेव्हा कुठल्या तरी खात्यात फाईल हलते. आणि पुरवणी प्रश्न आधी माहीत नसतो, तिथे अधिकाऱ्याने लिहून दिलेलं वाचून भागत नाही.

प्राजक्ता_एडिनबरा:
दोघंही संसदेच्या कमिट्या विसरताय. तिथे मंत्र्याला तासभर बसवून एकाच मुद्द्यावर धरता येतं, फेरीचा सगळा घोळ ‘भयंकर अपयश’ आहे असं कमिटीनेच २०२० मध्ये लिहिलं होतं. अडचण अशी की आमदार १२९, त्यातून मंत्री वजा करा, दुसरं सभागृह नाही, मग तेच लोक सकाळी विधेयकाची कलमं तपासतात आणि त्यांनीच सरकारलाही जाब विचारायचा. कमिटीवर कोणाला पाठवायचं तेही पक्षच ठरवतो, सत्ताधारी आमदार आपल्या मंत्र्याला किती टोचणार?

सडेतोड:
म्हणजे गुरुवार हवाच ना! तिथे तरी विरोधी पक्षाला कुणाची परवानगी लागत नाही.

बेलफास्टहून:
तुमच्याकडे निदान विचारायला कोणीतरी समोर आहे हो. इथे उत्तर आयर्लंडमध्ये २०१७ ते २०२० आणि पुन्हा २०२२ ते २०२४ सरकारच नव्हतं, खाती अधिकारी चालवत होते, हॉस्पिटलच्या रांगा जगजाहीर होत्या आणि आमदारांना जाब विचारायला एकही मंत्री समोर नव्हता. तो काळ बघितलाय म्हणून सांगते, गोंगाट असला तरी तो पाऊण तास सोडू नका.

ग्लासगोकर:
बंद करा असं मी म्हणतच नाहीये. पण वेळ वाटा. नेत्यांची जुगलबंदी अर्ध्यावर आणा आणि उरलेला वेळ एकाच विषयाला द्या, पाच-सहा पुरवणी प्रश्न सलग त्याच विषयावर. ग्लेन सॅनॉक्स मेनलँडवरच्या आर्ड्रॉसन बंदराच्या धक्क्याला लागतच नाही, ट्रून बंदरातून सुटते. बोट आणि बंदर यांचा मेळ आधी का घातला नाही, एवढ्या एकाच गोष्टीवर सलग वीस मिनिटं विचारा की.

सडेतोड:
आणि तो विषय निवडणार कोण? सत्ताधारी पक्ष निवडणार असेल तर माझा विरोध आत्तापासूनच.