निळा पडदा आणि रॅम: सोलापूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

एप्रिल-मे आला, पारा चाळिशीच्या वर गेला की पीसी मध्येच निळा पडून बंद होतो, ही तक्रार ओळखीत सारखी ऐकू येते. पडद्यावर 'मेमरी मॅनेजमेंट' असं काही दिसलं की दुकानात ठरलेलं उत्तर मिळतं: फॉरमॅट मारू. पण रॅमच (पीसीची कामापुरती मेमरी) बिघडलेली असेल तर फॉरमॅटने काय होणार? उलट तशा रॅमवर विंडोज टाकताना नव्या फायलीही बिघडू शकतात. ज्यांनी मुळापर्यंत जाऊन कारण शोधलं, त्यांनी कोणता कोड आला आणि कशाने थांबला, ते सविस्तर लिहा.

अशोक चौक, जॅकार्ड डिझाइनचं काम
आमचा पीसी कारखान्यातच, मागांच्या शेजारी. चादरीचं मोठं डिझाइन उघडलं की 0x1A कोड देऊन बंद. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट86 (रॅम तपासणारा प्रोग्राम) चालवलं, तर एररच्या लाल ओळींची रांग लागली. शेठ म्हणाले, रॅमच्या दोन्ही स्टिक (पट्ट्या) बदलून टाक. मी आधी एकेक स्टिक एकेका स्लॉटमध्ये लावून तपासली. एका स्लॉटात दोन्ही स्टिक स्वच्छ पास, दुसऱ्यात दोन्ही नापास! म्हणजे स्टिक चांगल्या होत्या. टॉर्च मारून बघितलं तर त्या स्लॉटात सुताची बारीक कुसं घट्ट बसलेली. प्लग काढला, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरलं, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्टॅटिक वीज घालवली आणि मगच ब्लोअर मारला. स्टिकच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने हलक्या हाताने पुसल्या, रबराचा चुरा झटकला. पुन्हा टेस्ट लावली, एकही एरर नाही. मागाजवळ पीसी असणाऱ्यांनी कॅबिनेट दर महिन्याला उघडावाच.

जुळे सोलापूर, इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी
जुन्या स्टिकसोबत दुसऱ्या कंपनीची स्टिक लावली आणि गेम चालू केला की निळ्या पडद्यावर 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल'. एकेकटी लावली की दोन्ही ठीक. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी चालू होतं, म्हणजे रॅम वाढीव वेगाने पळत होती. ते बंद केलं, वेग उतरला, क्रॅश थांबले. वेगात पडलेला फरक मला जाणवतही नाही.

होटगी रोड, निवृत्त शिक्षक
विंडोजची आपली टेस्ट (विंडोज आणि आर दाबून mdsched टाइप केलं) लावली, पण पीसी परत सुरू झाल्यावर निकाल दिसलाच नाही. तो कुठे बघायचा?

*धागाकर्ती:* सर, इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजमधलं नोंदी दाखवणारं साधन) उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टम, आणि तिथे 'मेमरी डायग्नोस्टिक्स रिझल्ट्स' शोधा. मात्र ही टेस्ट पास झाली म्हणून रॅम निर्दोष असं धरू नका. शक्य तर मेमटेस्ट86 रात्रभर लावा.

मजरेवाडी, अकाउंटंट
माझ्याकडे रात्रभराची टेस्टही स्वच्छ आली, तरी 'पेज फॉल्ट' येतच होता. विंडोज फोल्डरमधल्या मिनीडंप फायली (क्रॅशच्या नोंदी) ब्लूस्क्रीनव्ह्यू या त्या वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडल्या. प्रत्येक वेळी वायफायच्याच ड्रायव्हरचं नाव! नुकताच अपडेट झाला होता. जुना ड्रायव्हर परत आणला, प्रश्न मिटला. कोडमध्ये मेमरी हा शब्द आला तरी दोष रॅमचाच असतो असं नाही.

*धागाकर्ती:* टेस्टमध्ये एरर आल्या तर पडद्याचा फोटो काढून ठेवा. बऱ्याच रॅमवर लांब मुदतीची वॉरंटी असते, तेव्हा फोटो उपयोगी पडतो. आता लॅपटॉपवाल्यांनी लिहा. रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असेल तर स्टिक अदलाबदल करता येत नाही, मग तुम्ही काय केलंत?